डोळ्याजवळचं चाक

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मागच्या आठवड्यात तुझ्याशी फोनवर बोलून माझा घसा बसला. शेजारच्यांना आपल्या घरातलं सगळं कळलं, फक्त तुला काही ऐकू आलं नाही. म्हणून आता कागद-पेन घेतलंय. शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवते आणि स्वतः कॉलेजनंतर एकही लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं तर मार्क कापू नकोस.

सोबतच्या खोक्यात बाबांचा कॅमेरा आहे. तोच, मोठा काळा डीएसएलआर. माझ्या लग्नाच्या तोंडावर त्यांनी घेतला आणि लग्नात माझ्यापेक्षा त्याचंच कौतुक जास्त झालं, आठवतंय ना? त्यांच्या हौशी छायाचित्रकारांच्या क्लबने नव्या जागेत काचेचं कपाट केलंय. त्यात हा ठेवायचा, खाली बाबांच्या नावाची पाटी, आणि मागच्या भिंतीवर त्यांनी शेवटच्या चार-पाच वर्षांत काढलेले फोटो. सेक्रेटरीकाका म्हणतात, बाबांचं खरं काम तेच, आधीचं सगळं नुसतं शिकणं होतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी छोटासा कार्यक्रम आहे. तोवर तू हा साफसूफ करून दे. मुठीवरचं रबर इतकं चिकट झालंय की एकदा हातात घेतला की सुटत नाही, अगदी खरोखर.

आईला विचारलं होतं. मला वाटलं होतं रडेल, निदान थोडी गप्प बसेल. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घडीवरची नजरही न काढता म्हणाली, "देऊन टाक. मला काय करायचंय त्या धोंड्याचं? मला त्यातलं कुठे काय कळतं?" ते एक खरंच आहे म्हणा. टीव्हीचा आवाज वाढवायला ती अजून मला हाक मारते.

बाबा जाऊन आता सात-आठ महिने होतील. मी दोन महिन्यांची रजा टाकून आलेय ती घर आवरायला, पण कपाट उघडलं की एकेका वस्तूपाशी अडकून बसते. काल कॅमेरा काढला आणि ते डोळ्यांसमोर उभेच राहिले. चष्मा कपाळावर ढकललेला, पाय फाकवलेले, कोपरं बरगड्यांत रोवलेली, आणि ती आरोळी, "श्वास बंद! घरातल्या सगळ्यांचा!" आम्ही जेवता जेवता घास तोंडात धरून बसायचो. कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. मी एकदाच लावला होता आणि त्यावर झालेलं भाषण अजून पाठ आहे.

नव्यासारखा करून दे.

तुझी
भिंगरी


१४ फेब्रुवारी

भिंगरी बाळ,

कॅमेरा पोचला, पत्र पोचलं, आणि तुझं अक्षर तुझ्या बाबांसारखंच उतरणीला लागलेलं पाहून आमच्या खालच्या चपलांच्या दुकानदारालाही दाखवून आलो. फोनबद्दल बोलू नकोस. ऐकायचं यंत्र कानात घातलं की मला माझ्याच चावण्याचा आवाज येतो, माणसांचा येत नाही.

काम झालं. रबर सोलून नवं बसवलं, आरसा आणि शटरचे पडदे साफ केले, बटणांच्या फटीतली धूळ फुंकली, आणि बॅटरीच्या दाराचा तुटका चिमटा बदलला. आता ऐक, मला यात काय काय दिसलं. चाळीस वर्षं हेच केल्यावर माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या कॅमेऱ्याकडे पाहून माझी ओळख लवकर पटते.

मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो, कॅमेरा डोळ्यांनी निवडू नका, करंगळीने निवडा. मूठ आवळली की चार बोटांना जागा मिळाली पाहिजे. करंगळी खाली लोंबली की तासाभरात मनगट भरून येतं आणि माणूस म्हणतो, लेन्स जड आहे. दाजींचा पंजा म्हणजे फावडं. म्हणून त्यांनी खाली बॅटरीची जादा मूठ स्क्रूने लावून घेतली होती, माझ्याकडूनच. ती तू खोक्यात वेगळी टाकली आहेस, ते का? आणि रबर काढताना पाहिलं तर एक झीज जुनी, मोठ्या बोटांची, खाली पार तळाशी. तिच्या वर दुसरी, नवी, छोट्या बोटांची. मला कोडं पडलं.

गळ्यातला पट्टा घालून पाहिला तर कॅमेरा माझ्या छातीवर आला. दाजी माझ्यापेक्षा हातभर उंच. त्यांनी हा घातला असता तर हनुवटीलाच टेकला असता.

आणखी एक गंमत. मागच्या पडद्यावर मधोमध तेलकट डाग होता. तो नाकाचा. जो उजवा डोळा लावतो त्याचं नाक कॅमेऱ्याच्या बाजूने बाहेर राहतं, डावा डोळा लावणाऱ्याचं थेट पडद्यावर चेपतं. डाव्या डोळ्यावरून तुझ्या आईची आठवण आली. आमच्या लहानपणी नाक्यावरच्या फोटोवाल्याकडे रविवारी एक पेटीवजा कॅमेरा भाड्याने मिळायचा. ताईला डावा डोळा मिटताच यायचा नाही. मिटायला गेली की दोन्ही मिटायचे आणि जीभ बाहेर यायची. मग ती डावाच लावायची. फोटोवाला चिडवायचा, "डाव्या डोळ्याने काढलेले फोटो उलटे येतात हो!" बिचारी रडकुंडीला यायची, पण फोटो सुलटे यायचे, आणि असे यायचे की तोच फोटोवाला आपल्या काचेत लावायला मागून घ्यायचा. माझे पुढचे दोन दात पडलेले होते तेव्हाचा तो फोटो तू पाहिला आहेस. तो तिचा. मी पुढे त्याच दुकानात कामाला लागलो, ताई लग्न करून गेली, आणि त्यानंतर तिच्या हातात कॅमेरा मी काही पाहिला नाही. घरात एकच असला की तो एकाचाच होतो, हे मी पुष्कळ घरांत बघितलंय.

तर मूळ मुद्दा. क्लबातल्या कुणा ठेंगण्या, डाव्या डोळ्याच्या माणसाला दाजींनी हा वापरायला दिला होता का?

आणि हो, डोळा लावायच्या खिडकीशेजारी वाटाण्याएवढं चाक असतं, ते तुला माहीत नसेल. चष्म्याचा नंबर असलेल्याने चष्मा काढून ते आपल्या नंबराप्रमाणे फिरवायचं, म्हणजे आतलं स्वच्छ दिसतं. फोटोत त्याने काही बदलत नाही, ती नुसती बघणाऱ्याची सोय. दाजींचा नंबर चांगलाच उणे. चाक मात्र अधिककडे सरकलेलं होतं. पार्सलात हललं असेल. आमच्या उस्तादांची शिस्त अशी की यंत्र परत देताना सगळं शून्यावर आणून द्यायचं, पुढचा त्याच्या सोयीने बघेल. मी ते शून्यावर आणून ठेवलंय. काचेच्या कपाटात कोण डोळा लावणार आहे म्हणा.

ताईला म्हणावं, धाकटोबा विचारत होता.

तुझा
मामा


२२ फेब्रुवारी

मामा,

मी हे अगदी घाईत लिहितेय. काय झालं ते आधी सांगते आणि मग तू सांग की मी वेडी झालेय का.

कॅमेरा काल आला. वाटलं, तो क्लबात जायच्या आधी घरात एक तरी फोटो काढून घ्यावा. मी बाबांच्या खुर्चीत बसले आणि आईला म्हटलं, तू काढ. ती नको नको म्हणत होती. तुला माहीतच आहे माझं, मास्तरीण जागी झाली. मी तिला सगळं समजावलं. हा पट्टा असा गळ्यात घाल, म्हणजे पडणार नाही. हे मोठं बटण. ते आधी अर्धंच दाबायचं, घाबरायचं नाही, मग पूर्ण. डोळा इथे लावायचा. तिने सगळा धडा शहाण्या मुलीसारखा ऐकून घेतला, मान हलवली, आणि कॅमेरा हातात घेतला.

मामा, तिचा डावा तळवा आपोआप लेन्सच्या खाली गेला, गरम वाटी खालून धरावी तसा. कोपरं बरगड्यांत. एक पाय थोडा पुढे. डोळा लावला, डावा. नाक पडद्यावर. मग एकदम थबकली. नुसतं "अं?" म्हणाली. आणि कॅमेरा डोळ्यापासून न हलवता, न बघता, तिचं बोट त्या तुझ्या वाटाण्याएवढ्या चाकावर गेलं आणि तिने ते टकटक टकटक फिरवलं. आपण अंधारात घरातलं बटण दाबतो ना, तसं. मग खट्. आणि कॅमेरा टेबलावर ठेवून ती तडक स्वयंपाकघरात गेली.

मी मागे गेले. म्हटलं, "आई, हे काय होतं?" नळ सोडून भांडी घासत होती. घासलेलीच भांडी. म्हणाली, "टीव्हीवर बघितलंय."

मी मग बाबांनी मला वेळोवेळी पाठवलेले फोटो काढून बसले. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतले सगळे वरून पाहिलेले आहेत. लोकांचे टाळू दिसतात, टेबलावरच्या ताटांचे तळ दिसतात. शेवटच्या चार-पाच वर्षांतले फोटो वीतभर खालून घेतलेले आहेत. आईची उंची माझ्या कानापर्यंत आहे, तिथून. त्यातल्या कितीतरी फोटोंत बाबा स्वतःच आहेत. मी आजवर समजत होते की ते टायमर लावतात. आता पाहिलं तर प्रत्येकात ते कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला, कुणाला तरी काहीतरी सांगत असल्यासारखे बघतायत.

मला खूप राग आलाय, मामा. बाबांचा. क्लबच्या भिंतीवर जे लागणार आहेत, ज्यांच्याबद्दल सेक्रेटरीकाका हात जोडतात, ते फोटो आईचे आहेत. आणि बाबांनी ते आपले म्हणून खपवले, मला मेल केले, "बघ तुझ्या म्हाताऱ्याने काय काढलंय" असं लिहून. माझे बाबा असे नव्हते रे. की होते, आणि मलाच दिसलं नाही?

आई तोंड उघडत नाही. तू तिचा भाऊ आहेस, तू विचार. रविवार जवळ येतोय.

भिंगरी


१ मार्च

ताई,

तुझ्या कॅमेऱ्याचं चाक मी शून्यावर आणलं, त्याबद्दल आधी कान धरतो. दाजींचा म्हणून आला होता. तुझा आहे हे मला त्या पडद्यावरच्या नाकावरूनच कळायला हवं होतं. त्याच पत्रात तुझ्या डाव्या डोळ्याची सगळी कथा पोरीला लिहिली, आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. कान गेले ते गेले, वरचा मजलाही भाड्याने द्यायला काढावा म्हणतो.

पोरगी फार रागावली आहे, आणि दाजींवर रागावली आहे, जे आता उत्तर द्यायला नाहीत. हे मला बघवत नाही. माझे दाजी कसे होते ते मला माहीत आहे. एक बल्ब बदलला तरी चार जणांना सांगणारा माणूस, पण दुसऱ्याने बदललेला आपला म्हणणारा नव्हे. काहीतरी वेगळं आहे. ते मला सांगायचं नसेल तर नको सांगू, पण तिला सांग. आणि दुसरं, कॅमेरा तुला हवा असेल तर क्लबाला भाऊ म्हणून मी स्वतः येऊन नाही म्हणतो. बहिऱ्या माणसाशी कोणी फार वेळ वाद घालत नाही.

तुझा
धाकटोबा


९ मार्च

धाकटोबा,

तुझं पत्र वाचून हसले आणि मग बसून राहिले. हे पत्र लिहून झालं की मी पाकीट न चिकटवता भिंगरीकडे टाकायला देणार आहे. तिने वाचलं तर वाचू दे. तोंडाने सांगायला बसले तर माझ्याच्याने व्हायचं नाही.

ह्यांनी कॅमेरा घेतला त्या पहिल्याच महिन्यात, हे आंघोळीला गेले की मी तो उचलायचे. गच्चीत जाऊन समोरच्या इमारतीची वाळत घातलेली कापडं बघायचे, खालच्या रस्त्यावरची सायकल दुरुस्त करणारी माणसं बघायचे. फोटो काढायचे नाही, नुसती बघायचे. आत आधी सगळं धूसर दिसायचं, ह्यांच्या नंबराचं. म्हणून मी चाक फिरवायचे. आणि परत ठेवताना ते पूर्वीसारखं करायला विसरायचे. मग हे तयार होऊन यायचे, डोळा लावायचे आणि घर डोक्यावर घ्यायचे, "परत कोणी फिरवलं हे?" भिंगरी लग्न करून गेलेली. घरात माणसं दोन, आणि हे विचारतात कोणी! मी आतून ओरडायचे, "मला काय माहीत!" हे कितीतरी वर्षं चाललं. त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. ते मुद्दाम उणेच्या पार टोकाला नेऊन ठेवायचे, म्हणजे मला जास्त फिरवायला लागावं. मग मीही मुद्दाम दुसऱ्या टोकाला. एकदा हे पाहुण्यांसमोर ओरडले, तर पाहुण्यांना वाटलं पंख्याबद्दल चाललंय.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. पहिल्यांदा कपबशीत कळलं. चहा आणून दिला की बशी वाजायची आणि हे जोरजोरात बोलायला लागायचे, आवाज झाकायला. कॅमेऱ्याची जादा मूठ त्यांनी काढून ठेवली, जड होतंय म्हणाले. मग भिंतीला टेकून फोटो काढायला लागले, दाराच्या चौकटीला, विजेच्या खांबाला. तीन पायांचं तिकाटणं आणलं. तरी सगळं हललेलं यायचं. रोज संध्याकाळी खुर्चीत बसून तो मागचा पडदा बघायचे आणि एकेक पुसून टाकायचे. मी बघत नाही असं दाखवायचे.

एक दिवस हे आंघोळीला गेले आणि मी नेहमीसारखा कॅमेरा उचलला. चाकावर बोट ठेवूनच डोळा लावला. तर आत सगळं स्वच्छ. आदल्या दिवशी मी ठेवलं होतं तसंच. त्यांनी परत फिरवलंच नव्हतं. म्हणजे काल दिवसभरात त्यांनी एकदाही डोळा लावला नव्हता, आणि आता लावणारही नव्हते. मी तशीच उभी राहिले. हे बाहेर आले, टॉवेल खांद्यावर, माझ्याकडे बघितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "बघतेसच आहेस तर दाब की एकदा."

तिथून पुढचे सगळे फोटो मी दाबलेले आहेत. हे माझ्या मागे उभे राहायचे, हनुवटी माझ्या डोक्यावर, आणि बोलत राहायचे. थोडं खाली, डावीकडे, थांब, त्या माणसाला वळू दे, आता. पट्टा त्यांनीच माझ्या मापाने आखूड केला, थरथरत्या हाताने, तासभर खपून. कोपरं आत घे, लेन्स खालून धर, श्वास सोडून मग दाब, हे सगळं शिकवलं. डावा डोळा मात्र बदलायला लावला नाही. "तुझा तोच चांगला आहे, राहू दे," म्हणाले. लहानपणचा तो फोटोवाला आठवून मला रडू आलं होतं. फोटो कोणाचे असं भिंगरी विचारेल. मला नाही सांगता यायचं. कधी ते आधी बघायचे आणि मी दाबायचे, कधी मी आधी बघायचे आणि ते म्हणायचे, "वाट कसली बघतेस?"

बाहेर सांगू नकोस असं त्यांनीच सांगितलं होतं. हात गेला म्हणतील, मग डोळाही गेला म्हणतील, मग भेटायला येतील, असं म्हणायचे. मुलीला तर मुळीच नको, सगळं सोडून धावत येईल. मी शब्द दिला होता. आणि खरं सांगू, नावाचं मला कधी काही वाटलं नाही. ती वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली होती. त्यांचं आजारपण चालू होतं आणि मी सुखात होते, हे बोलायचीसुद्धा लाज वाटते, पण आहे हे असं आहे.

हे गेल्यावर मी एकदाच कॅमेरा काढला. आत सगळं स्वच्छ दिसलं. माझ्याच नंबरावर. पुन्हा आठ दिवसांनी काढला, तरी तसंच. आता ते कायम तसंच राहणार होतं. मग मी तो कपाटात मागे सारला, आणि भिंगरीने विचारलं तेव्हा देऊन टाक म्हटलं. मला तो बघवत नव्हता, एवढंच.

आणि मग तू तुझ्या उस्तादांची शिस्त पाळलीस. भिंगरीच्या आग्रहाखातर डोळा लावला आणि आत धूसर. धाकटोबा, क्षणभर मला वाटलं ह्यांनीच फिरवलंय. मी ओरडणारच होते, "परत फिरवलंत का!" शब्द ओठांवर आले होते. मग कळलं. म्हणून उठून भांडी घासायला गेले.

तेव्हा क्लबाला येऊन नाही म्हणायची तुला गरज नाही, मीच सांगते. भिंतीवर त्यांचं नाव असू दे, पाटीवर त्यांचं नाव असू दे, दिलेला शब्द मला मोडायचा नाही. नाव त्यांना द्या. कॅमेरा मला हवाय.

ताई


३० मार्च

प्रिय मामा,

आईने पाकीट उघडंच हातात ठेवलं आणि म्हणाली, "टाकून ये. आणि वाटेत बाकावर बस जरा." मी बसले. पोस्ट बंद व्हायची वेळ झाली तरी बसले होते. बाबांवर रागावले होते त्याचं काय करू मला कळत नव्हतं. शेवटी घरी येऊन त्यांच्या खुर्चीत बसून मोठ्याने "सॉरी" म्हटलं. आईने ऐकलं, पाठीवरून हात फिरवून गेली.

काल कार्यक्रम झाला. काचेच्या कपाटात बॅटरीची जादा मूठ आणि तिकाटणं आहे. सेक्रेटरीकाका आधी जरा खट्टू झाले होते, पण आई म्हणाली, "त्यांच्या पंजाला लागायची ती मूठ हीच. त्यांचं म्हणाल तर खरं हेच." भिंतीवर ते सगळे फोटो एका ओळीत पाहिले तेव्हा मला त्यांच्यात बाबांचं बोलणं ऐकू आलं. थोडं खाली, डावीकडे, थांब.

मग पाटीवरचा पडदा सरकला आणि आईने पिशवीतून कॅमेरा काढला. सगळ्या क्लबसमोर. कोपरं आत, तळवा खाली, डावा डोळा. सेक्रेटरीकाका तिच्याकडे बघत राहिले, मग भिंतीकडे, मग परत तिच्याकडे. मामा, त्या माणसाला कळलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. पण ते एवढंच म्हणाले, "अगदी त्यांच्यासारखा धरता तुम्ही." आई म्हणाली, "त्यांनीच शिकवलं." आणि पाटीचा फोटो काढला. श्वास मी धरला होता.

आता एक गुपित. गेले दोन आठवडे आई आंघोळीला गेली की मी गुपचूप कॅमेरा काढते आणि चाक उणेच्या पार टोकाला नेऊन ठेवते. पहिल्या दिवशी गच्चीतून काहीच आवाज आला नाही. मी घाबरले, वाटलं, दुखावलं आपण. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जो आवाज आला तो मी लग्नानंतर या घरात ऐकलाच नव्हता. "परत कोणी फिरवलं गं हे?"

घरात माणसं दोनच. मी आतून ओरडले, "मला काय माहीत!"

परवा मी परत निघतेय. रजा संपतेय. तेवढं एकच डोक्यात घोळतंय, मी गेल्यावर कोण फिरवणार?

भिंगरी


१८ एप्रिल

धाकटोबा,

भिंगरी सुखरूप पोचली. जायच्या दिवशी गाडीत बॅगा ठेवून झाल्यावर "विसरले" म्हणून वर पळाली, ते कशासाठी ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी त्या दिवशी चाक फिरवलंच नाही. गच्चीत उभी राहून तसंच धूसर बघत राहिले. समोरच्या कापडांचे नुसते रंग दिसत होते. ह्यांना इथून एकेक चिमटा मोजता आला असता.

मग फिरवलं, आणि सायकलवाल्याचे चार फोटो काढले. त्याने नवीन मदतनीस ठेवलीय, त्याची बायको. दोघं एकाच चाकाला दोन बाजूंनी धरून भांडत होते. एक फोटो बरा आलाय, तो तुला पाठवते. दुकानात लाव. उलटा आलाय का तेवढं बघ.

नवं रबर छान बसवलं आहेस. माझी करंगळी अगदी जागेवर बसते. पट्ट्याचा एक टाका सुटलाय, त्यासाठी पुढच्या महिन्यात पाठवीन. आणि हे नीट वाच, कारण फोनवर तुला सांगून उपयोग नाही. या वेळी तुझ्या उस्तादांची शिस्त बाजूला ठेव. चाकाला हात लावू नकोस. शून्य हा आमच्या घरात कुणाचाच नंबर नव्हता.

ते जसं येईल तसं असू दे. तुला ते उणेच्या पार टोकाला गेलेलं दिसेल, आणि तू म्हणशील की ताईला आता दिसेनासं झालं. तसं काही नाही. रोज संध्याकाळी कॅमेरा कपाटात ठेवायच्या आधी मीच ते तिकडे नेऊन ठेवते. सकाळी डोळा लावला की चिडायला होतं.

ताई